पेरलेलं कुरण आणि नैसर्गिक रान दोन्ही हाताशी असेल तर बीफ गाई कधी, कुठे आणि किती सोडायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिका-कॅनडातल्या मोंटाना, डकोटा, सस्कॅचवान, अल्बर्टा या गवताळ पट्ट्यात शंभरेक बीफ (म्हणजे मांसासाठी पाळलेल्या) गाईंचा कळप आहे वासरांसकट, एका अंगाला क्रेस्टेड व्हीटग्रास या गवताचं आणि ब्रोम गवत-लसूणघासाचं पेरलेलं कुरण आहे, दुसऱ्या अंगाला कधीच नांगर न लागलेलं नैसर्गिक गवताळ रान आहे. तर दोन्हीची गेटं उघडी ठेवून गाईंना हवं तिथे चरू द्यावं का, का आधी एक मग दुसरं, एकूण गाई किती बसतील, आणि रानातला सपाट तुकडा नांगरून तिथेही गवत पेरावं का.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो, गेटं उघडी ठेवू नका. गाय आळशी नाही पण निवडक फार आहे. वसंतात पेरलेलं गवत आधी उठतं त्यामुळे सुरुवातीला सगळा कळप तिथेच, मग जूनच्या मध्याला ते निसवलं, काडी आली, की त्याच गाई त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, सरळ रानात जातात आणि तिथेही सगळीकडे नाही, पाणवठ्याजवळच्या सखल भागात मुक्काम ठोकतात. सप्टेंबरमध्ये बघाल तर पेरलेल्या कुरणात गुडघाभर वाळलेली काडी उभी, आणि रानातला ओढ्याकाठचा भाग गोल्फच्या मैदानासारखा. एवढं गवत असून दोन्ही वाया. म्हणून मधे फेन्स पाहिजेच, कायमची जमत नसेल तर दोन तारांची इलेक्ट्रिक टाका पण दोन्हींचा कारभार वेगळा ठेवा.

आता मुख्य मुद्दा, जो माझ्या मते निम्म्या रँचवर उलटा समजला जातो. पेरलेलं कुरण हे जास्त गाई ठेवण्यासाठी नाहीये हो, ते रानाला वेळ मिळवून देण्यासाठी आहे. वसंतात रान तयार व्हायच्या आधीचे पाच-सहा आठवडे आणि जमलं तर शरदातले काही आठवडे. एवढं एक डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

वेळ का लागतो ते बघा. हिवाळ्यातून उठणारं बारमाही गवत पहिली दोन पानं जुन्या साठ्यावर काढतं, बुडख्यात आणि मुळांत ठेवलेल्या साखरेवर. तिसऱ्या पानाच्या सुमारास ते स्वतःचं कमवायला लागतं. त्याच्या आधी गाईने ते पान तोडलं तर रोपाला पुन्हा साठ्यातूनच काढावं लागतं, आणि साठा तर आधीच संपत आलेला. परिणाम त्या आठवड्यात दिसत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो. फार लवकर चराई सुरू केली तर त्या मोसमाचं गवत ६० टक्क्यांपर्यंत घटू शकतं असं नॉर्थ डकोटाचे कृषी विस्तारसेवावाले वर्षानुवर्षं सांगतायत, आणि रँचवर बघितलं की पटतं.

पानं मोजायची कशी, तर एक फुटवा बुडाशी चिमटीत धरायचा आणि बोट खालून वर न्यायचं. पानाचा खालचा भाग खोडाला नळीसारखा गुंडाळलेला असतो, आणि पातं जिथे त्या नळीपासून बाहेर वळतं तिथे फिकट रंगाची एक कड दिसते. ती कड उघडी पडली असेल तर ते पान पूर्ण मोजायचं, वर पोंग्यात अजून गुंडाळलेलं असेल तर अर्धं. क्रेस्टेड व्हीटग्रास तीन पानांवर चराईला तयार, साधारण एप्रिल अखेर ते मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. रानातली थंड हंगामाची गवतं, म्हणजे वेस्टर्न व्हीटग्रास, नीडल अँड थ्रेड वगैरे, तीन ते साडेतीन पानांवर, ते यायला मे अखेर किंवा जून उजाडतो. ब्लू ग्रामासारखी उष्ण हंगामाची गवतं त्याहून उशिरा. आणि एकच फुटवा बघून निर्णय घेऊ नका, रानात आडवे-तिडवे चाला, उतारावरचे, सपाटीचे, दक्षिणेकडे तोंड असलेल्या चढावरचे असे वीस-तीस फुटवे बघा, कारण दक्षिण उतार नेहमीच आठवडाभर पुढे असतो आणि गेटावरून तोच दिसतो, मग माणूस म्हणतो हिरवं झालं की सगळं. कॅलेंडर बघून गेट उघडणारे लोक उशिराच्या थंड वर्षात हमखास फसतात.

क्रेस्टेड व्हीटग्रास तसं बाहेरचं, रशियातून. निल्स हॅन्सन नावाच्या माणसाने १८९८ मध्ये त्याचं बी अमेरिकेत आणलं, आणि १९३० च्या दशकात दुष्काळात धूळ उडायला लागली, लोक शेतं टाकून गेले, तेव्हा त्या उघड्या जमिनी झाकायला ते मोठ्या प्रमाणावर पेरलं गेलं. चिवट आहे, थंडी सोसतं, पाऊस कमी असला तरी तगतं, वसंतातली कडक चराई तर रानातल्या कुठल्याही गवतापेक्षा जास्त सोसतं. पण त्याची खिडकी छोटी. कोवळं असताना प्रोटीन १८-२० टक्के असतं, निसवल्यावर झपाट्याने पडतं, बी पिकेपर्यंत ७-८ च्या आसपास नाहीतर त्याच्याही खाली. दुभत्या बीफ गाईला साधारण ११ टक्के लागतं, शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला ९, मधल्या गाभणकाळात ७. म्हणजे जुलैत क्रेस्टेडवर ठेवलेली गाय पोट भरते पण दूध आटवते, आणि वासराचं वजन तिथेच अडकतं.

म्हणून क्रेस्टेड कडक आणि लवकर चारायचं. इथे लोक हात आखडता घेतात, अर्धवट चारतात, आणि पुढच्या वर्षी जुन्या काड्यांचे झुपके उभे राहतात, त्याला वुल्फ प्लांट म्हणतात. त्या झुपक्यात नवी पालवी असते पण गाय काडी नाकाला टोचते म्हणून तोंड घालत नाही, मग तो झुपका दर वर्षी मोठा आणि मधली जागा दर वर्षी बोडकी. उपाय म्हणजे कुरणाचे दोन-तीन तुकडे करायचे, एकेका तुकड्यात सगळा कळप थोडे दिवस दाबून ठेवायचा, निसवायच्या आत ६०-६५ टक्के गवत काढून घ्यायचं आणि पुढे सरकायचं. शेवटच्या तुकड्यात जाईपर्यंत ते थोडं पुढे गेलेलं असणारच, म्हणून दर वर्षी सुरुवातीचा तुकडा बदला.

ब्रोमचं गणित वेगळं. स्मूथ ब्रोम कांडी धरताना त्याचा वाढीचा कोंब लवकर वर येतो, आणि नेमका तेव्हा तो तोडला गेला की पुन्हा फुटायला फार वेळ लावतो. मेडो ब्रोम बुडाच्या पानांतून पटकन फुटतं, म्हणून निव्वळ चराईसाठी पेरायचं असेल तर मी मेडो ब्रोम घेईन, स्मूथ ब्रोम वैरण कापणाऱ्यांसाठी बरं. आणि स्मूथ ब्रोम मुळातून पसरत फेन्स ओलांडतं, रानात घुसतं, हा त्याचा दुसरा दुर्गुण. क्रेस्टेडचं बीही तसंच पसरतं. बी पिकलेल्या कुरणातून गाई थेट रानात नेऊ नका, दोन-तीन दिवस वैरणीवर ठेवा, शेणातून जायचं ते बी तिथेच पडू दे.

आता किती गाई. इथे पुस्तकातला आकडा बहुतेक जण चुकीच्या गाईला लावतात. ॲनिमल युनिट म्हणजे ४५४ किलोची, म्हणजे १००० पाउंडची गाय, तिला महिन्याला साधारण ३५५ किलो कोरडा चारा, या महिन्याच्या चाऱ्याला एयूएम (ॲनिमल युनिट मंथ) म्हणतात. पण आजच्या गाई १००० पाउंडच्या राहिल्यात कुठे, ६०० किलोची गाय अगदी नेहमीची झालीये, म्हणजे तुमच्या शंभर गाई कागदावर १३०-१३५ आहेत. तक्त्यात शंभर लिहून रानात १३० सोडल्यावर गवत पुरेल कसं.

त्यामुळे तक्ता बाजूला ठेवा आणि स्वतः कापून बघा. पाव चौरस मीटरची चौकट घ्या, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, लोखंडी सळई वाकवून होते. रानात न बघता टाकायची, पडेल तिथे. आतलं या वर्षीचं गवत बुडाशी कात्रीने कापायचं, मागच्या वर्षीची करडी काडी वेचून बाजूला काढायची, पिशवीत भरायचं, वाळवायचं, वजन करायचं. ग्रॅमला ४० ने गुणलं की हेक्टरी किलो. समजा वाढ पूर्ण झाल्यावर रानात सरासरी ३० ग्रॅम आलं, म्हणजे हेक्टरी १२०० किलो. यातलं गाईच्या पोटात जाणारं फक्त पाव धरायचं, ३०० किलो. पेरलेल्या कुरणात ५० ग्रॅम आलं तर २००० किलो, तिथे मी ४५ टक्के धरतो, ९०० किलो.

रानात पावच का, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. जुनी म्हण आहे की निम्मं घ्या निम्मं ठेवा, पण घेतलेलं निम्मं सगळं गाईच्या तोंडात जात नाही, तुडवण, शेण, टोळ, हरणं, यात त्यातलं निम्मं जातं. आणि ठेवलेलं निम्मं हे कचरा नाही, तेच पुढच्या वर्षी जमिनीवर आच्छादन होतं, बर्फ अडवतं, ओल धरतं. कोरड्या मिश्र गवताळ प्रदेशात ते आच्छादन काढून टाकलं तर पुढच्या वर्षीचं गवत ठळकपणे घटतं, हे प्रयोग करून बघितलेलं आहे.

आता बेरीज. ६०० किलोची गाय वजनाच्या अडीच टक्के धरली तर दिवसाला १५ किलो कोरडा चारा खाते, उन्हाळ्यात वासरू चरायला लागलं की गाय-वासराच्या जोडीला १७ धरा. वसंतात पेरलेल्या कुरणावर शंभर जोड्या ४० दिवस म्हणजे ६०,००० किलो, भागिले ९००, साधारण ६७ हेक्टर. मग रानात १२० दिवस, शंभर गुणिले १७ गुणिले १२०, २,०४,००० किलो, भागिले ३००, ६८० हेक्टर. वळू वेगळे, दर २५ गाईंना एक, तेही खातात. आणि हेच ४० दिवस रानावर काढायचे म्हटले तर आणखी २०० हेक्टर रान लागलं असतं, तेही सगळ्यात नाजूक वेळी.

मोह होतो तो इथे. ६७ हेक्टर पेरलं, २०० हेक्टर रान "वाचलं", तर मग चला आणखी २९-३० गाई घेऊ. गणिताने बसतात, खरंच बसतात, चांगल्या पावसाच्या वर्षी. आणि मग पहिल्या कोरड्या वर्षी त्या ३० गाईंसाठी मे महिन्यातच रानाचं गेट उघडतं. मी बघितलेल्या बहुतेक बिघडलेल्या रानांची गोष्ट अशीच आहे, कोणी मुद्दाम बिघडवत नाही, पेरलेल्या गवताच्या जोरावर कळप वाढतो आणि कमी पडलं की भार रानावर येतो.

रान किती लवकर बिघडतं आणि किती सावकाश सुधारतं हे बघायचं असेल तर दक्षिण अल्बर्टातल्या स्टॅव्हलीचा चराई प्रयोग आहे, रफ फेस्क्यू या गवताच्या टेकड्यांवर, १९४९ पासून. हेक्टरी १.२, १.६, २.४ आणि ४.८ एयूएम अशा चार दरांनी गाई ठेवल्या. हलक्या चराईत रफ फेस्क्यू टिकून राहिलं, सर्वांत जड दराच्या पॅडकमध्ये (कुंपण घातलेल्या तुकड्यात) ते जवळजवळ गेलंच आणि त्याच्या जागी चराई सोसणारी ठेंगणी गवतं आणि तण आलं, मातीसुद्धा बदलली. आणि अशा रानाला मागे यायला दशकं लागतात. रफ फेस्क्यूची आणखी एक गंमत म्हणजे उन्हाळ्यात वाढताना चारलं तर ते मार खातं, पण झोपलेलं असताना, शरदात-हिवाळ्यात चारलं तर फारसं बिघडत नाही. तुमच्या रानात ते असेल तर त्या तुकड्याला शेवटची पाळी द्या.

उलट ब्लू ग्रामा. ते जमिनीलगत असतं, जास्त चराईत वाढतं. रानात सगळीकडे छान हिरवी ब्लू ग्रामाची गादी दिसायला लागली की लोक खूश होतात, मला मात्र शंका येते, कारण याचा अर्थ बहुतेक वेळा उंच गवतं खाऊन संपली असा असतो. उत्पादन निम्म्यावर आलेलं असतं आणि दुष्काळात आधार द्यायला खोल मुळांचं काही उरलेलं नसतं.

फिरवण्याबद्दल थोडंच बोलतो, कारण यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. रान चार भागांत करून पाळीपाळीने चारणं चांगलंच, त्याने गवताला विश्रांती मिळते, चराई सगळीकडे सारखी पसरते, आणि एकच भाग दर वर्षी जूनमध्ये खाल्ला जात नाही. पण फिरवल्याने गवत दुप्पट होतं असं जे सांगतात ते मी मानत नाही. अनेक प्रयोगांत निष्कर्ष हाच आलाय की पद्धतीपेक्षा गाईंची संख्या जास्त महत्त्वाची. संख्या चुकली की आठ पॅडक करा नाहीतर ऐंशी. पेरलेल्या कुरणात फिरवण्याचा फायदा जास्त, कारण ते पुन्हा लवकर फुटतं, वसंतात ३०-४० दिवसांत परत येतं. रानाला मोसमात एकदा, फार तर दोनदा, तेही मधे दोन महिने सोडून.

पाणी. हे खरं तर वर यायला हवं होतं, कारण कुठलंही चराईचं नियोजन पाणवठ्यापाशी अडतं. दुभती गाय कडक उन्हाळ्यात ६०-७० लिटर पाणी पिते. पाण्यापासून १.६ किलोमीटरपर्यंत गाई नीट चरतात, त्यापुढे ३.२ किलोमीटरपर्यंतचं गवत हिशोबात निम्मंच धरायचं, त्याच्याही पलीकडचं धरायचंच नाही. उताराचंही तसंच, १० टक्क्यांपर्यंत उतार ठीक, ११ ते ३० मध्ये ३० टक्के वजा, ३१ ते ६० मध्ये ६० टक्के वजा, त्यापुढे शून्य. म्हणजे तुमच्या त्या ६८० हेक्टरमधले समजा १५० हेक्टर कड्याचे आणि दूरचे असतील तर ते गाईंच्या दृष्टीने नाहीतच. इथे पैसे पाइप आणि कुंडावर घाला, आणखी गवत पेरण्यापेक्षा परतावा जास्त मिळतो. मीठ आणि मिनरल कधीही पाण्याशेजारी ठेवू नका, गाय पाण्याला येणारच आहे, तिला मिठासाठी टेकडीवर चालवा, आणि दोन-तीन आठवड्यांनी जागा बदला.

आणि तळ्यात उतरून पाणी पिऊ देण्यापेक्षा पंपाने कुंडात घ्या. शेण-मूत झालेलं पाणी गाय कमी पिते, कमी पिते म्हणून कमी खाते, वासरांच्या वजनात ते दिसतं. दुष्काळात तळं आटलं की क्षार आणि सल्फेट वाढतं, जास्त सल्फेटने गाई आंधळ्यासारख्या भिंतीला धडकायला लागतात, मेंदूवर परिणाम होतो. निळी-हिरवी शेवाळ साचली तर काही तासांत जनावरं मरू शकतात. जुलैत एकदा पाणी तपासून घ्या, महाग नाहीये ते.

आता दुखणी, कारण कुरण बदललं की धोकाही बदलतो.

लसूणघास असलेल्या कुरणात पोटफुगी. पोटात फेस होतो, ढेकर अडकते, डावी कूस ढोलासारखी वर येते, आणि एक-दोन तासांत गाय जाते. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे लसूणघास कळीला यायच्या आधी आणि कळीच्या अवस्थेत, फुलावर आल्यावर धोका कमी होतो. मिश्रणात लसूणघास निम्म्याच्या खाली ठेवा. भुकेल्या गाई कधीच सोडायच्या नाहीत, आधी पोटभर वैरण, दव उतरल्यावर दुपारी सोडा, आणि एकदा सोडल्या की आत-बाहेर करू नका. काढून घेऊन पुन्हा सोडण्यातच जास्त मरतात, कारण परत आल्यावर त्या अधाशासारख्या खातात. नव्याने पेरणार असाल तर सेनफॉइन किंवा सायसर मिल्कव्हेच या शेंगवर्गीय चाऱ्यांचा विचार करा, या दोन्हींनी पोट फुगत नाही. सेनफॉइन लसूणघासात मिसळलं तरी धोका बराच खाली येतो. मिनरलमध्ये घालून दिलेलं पोलोक्सालीन नावाचं औषध फेस मोडतं, पण प्रत्येक गाईने रोज चाटलं तरच, आणि शंभरातल्या दहा गाई मिनरलकडे फिरकतच नाहीत हे कळप बघणाऱ्याला माहीत असतं.

क्रेस्टेडवर लवकर वसंतात ग्रास टेटनी. लुसलुशीत गवतात मॅग्नेशियम कमी आणि पोटॅशियम जास्त, त्यात गाय दुभती, मुख्यतः वय झालेल्या, जास्त दुधाच्या गाई. आधी बिचकते, चालताना लडखडते, स्नायू थरथरतात, मग आडवी पडून पाय झाडते, आणि बऱ्याचदा सकाळी मेलेलीच सापडते, जमिनीवर पाय घासल्याच्या खुणा असतात. मॅग्नेशियम ऑक्साइड घातलेलं मिनरल सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सुरू करा, कडू लागतं म्हणून मीठ किंवा मळीत मिसळा. आडवी पडलेली दिसली तर व्हेटला बोलवा आणि तोवर तिला हाकलू नका, धावपळीनेच प्राण जातो.

रानात विषारी झाडं. लो लार्कस्पर आणि डेथ कॅमस गवताच्या आधी हिरवे होतात, म्हणजे लवकर सोडलेल्या गाईला रानात हिरवं म्हणून तेच मिळतं. लवकर न सोडण्याचं हे आणखी एक कारण, मेच्या सुरुवातीला रानात मेलेल्या गाई बघितल्यावर पानं मोजायला लोक आपोआप शिकतात. ओढ्याकाठी वॉटर हेमलॉक, त्याचं मूळ ओल्या मातीतून सहज उपटून येतं आणि थोडंसं पोटात गेलं तरी पुरे. लीफी स्पर्ज हे तण असेल तर गाई त्याला टाळतात आणि आजूबाजूचं गवतही सोडतात, ते शेळ्या-मेंढ्या मात्र आवडीने खातात. शेजाऱ्याच्या शेळ्या भाड्याने आणणं काही लाजिरवाणं नाही.

दुष्काळाचं काय ठरवायचं ते आत्ताच ठरवा, गवत वाळल्यावर नाही. उत्तरेकडच्या या पट्ट्यात वर्षाच्या गवताचा बहुतांश हिस्सा एप्रिल ते जूनच्या पावसावर ठरतो. जुलै उजाडला की हातात काय आहे ते जवळजवळ कळलेलं असतं, ऑगस्टमध्ये चांगला पाऊस झाला तरी थंड हंगामाचं गवत फारसं वाढत नाही. म्हणून एक जूनला आणि एक जुलैला चौकट टाकायची आणि कमी आलं तर त्याच आठवड्यात कोण जाणार ते ठरवायचं. माझी यादी अशी असते, आधी भाकड आणि म्हाताऱ्या गाई, मग वर्षाच्या कालवडी-गोऱ्हे, मग वासरं लवकर तोडणं, म्हणजे आईच्या दुधापासून वेगळी करणं. दूध पिणारं वासरू तोडलं की गाईची गरज एकदम खाली येते आणि रानाला श्वास मिळतो. म्हणूनच चांगल्या वर्षीसुद्धा कळपात थोडे वर्षाचे गोऱ्हे ठेवलेले बरे, गाई विकायला लागण्याआधी विकायला काहीतरी असतं.

शरदात पेरलेलं कुरण पुन्हा कामाला येतं, पण क्रेस्टेड नाही. त्यासाठी रशियन वाइल्डराय हे गवत, ते बुडाशी पानं धरून ठेवतं आणि वाळल्यावरही प्रोटीन बरं राखतं, सप्टेंबर-ऑक्टोबरला वासरं तोडेपर्यंत गाई त्यावर ठेवता येतात. उगवायला मात्र हट्टी, ओळींत अंतर ठेवून पेरा. लसूणघासाचं कुरण शरदात चारणार असाल तर कडक थंडीच्या आधीचे चार-सहा आठवडे त्याला हात लावू नका, तेव्हा ते हिवाळ्यासाठी मुळांत साठवत असतं. कडक थंडीने मेल्यावर चारा, आणि तेही लगेच नाही, पान पूर्ण सुकू दे, कारण नुकत्याच गारठलेल्या लसूणघासाने पोटफुगी होते. आणि वाळलेल्या रानावर उशिरापर्यंत गाई ठेवल्या तर तिथे प्रोटीन ४-६ टक्के असतं, पोटातले जंतूच उपाशी राहतात, भरल्या पोटी गाय हाडकते. प्रोटीनची ढेप किंवा चांगली लसूणघासाची वैरण एक दिवसाआड दिली तरी चालतं, रोज गाडी फिरवायची गरज नाही.

राहिला प्रश्न रानातला सपाट तुकडा नांगरण्याचा. नका नांगरू. पेरलेल्या कुरणात दोन-तीन जाती असतात, सगळ्या एकदम वाढतात आणि एकदम संपतात. रानात डझनावारी जाती, थंड हंगामाच्या आणि उष्ण हंगामाच्या, पाऊस मेमध्ये येवो नाहीतर जुलैत, कोणी ना कोणी त्याचा उपयोग करतंच. एकदा मोडलं की ते तसं परत येत नाही, बी विकत आणून पेरलं तरी. पेरलेलं कुरण मात्र वीसेक वर्षांनी थकतं, नायट्रोजन कमी पडतो, झुपके विरळ होतात. म्हणून पेरायचंच असेल तर जुनं पडीक शेत घ्या, नाहीतर तुमचंच थकलेलं क्रेस्टेड घ्या आणि त्यात लसूणघास किंवा सेनफॉइन पेरून त्याला ताजं करा. नव्या पेरणीवर पहिल्या वर्षी गाई सोडू नका. दुसऱ्या वर्षी वसंतात आत जा, चार-पाच ठिकाणी पानं मुठीत धरून गाय ओढते तसा हिसका द्या. पानं तुटून हातात आली तर गाई सोडा. रोप मुळासकट आलं तर गेट लावून घ्या आणि जुलै अखेरीस पुन्हा ओढून बघा.